‘गो ऑफ’: वाजणं की बंद पडणं?

एका कारखान्याच्या सुरक्षा सूचनांचं मराठी भाषांतर माझ्याकडे तपासायला आलं होतं. त्यात एक ओळ होती : ‘आगीचा अलार्म बंद झाल्यास ताबडतोब बाहेर पडा.’ मूळ इंग्रजीत ‘गोज ऑफ’ होतं. ‘ऑफ’ म्हणजे बंद, असं धरून कुणीतरी सरळ लिहून टाकलं आणि अर्थ नेमका उलटा झाला. अशा ठिकाणी ही चूक जिवावर बेतू शकते.

अलार्म ‘गोज ऑफ’ म्हणजे वाजू लागतो. ‘द लाइट्स वेंट ऑफ’ म्हणजे मात्र दिवे गेले. मग हे क्रियापद सुरू होण्याचं की थांबण्याचं?

माझ्या मते घोळ होतो तो ‘ऑफ’ला बंदच्या बटणाशी जखडल्यामुळे. त्याचा मूळ अर्थ ‘पासून दूर’, ‘सुटून’ असा आहे. एक एफवालं आणि दोन एफवालं ‘ऑफ’ मुळात एकच शब्द. ते पुरते वेगळे झाले 17व्या शतकात. बंदुकीचा चाप ओढला की ताणून अडकवलेला घोडा सुटतो आणि बार उडतो : ‘द गन वेंट ऑफ’. चावीच्या गजराच्या घड्याळातही तसंच. ठरल्या वेळी अडण सरकते, गुंडाळलेली स्प्रिंग सुटते, घंटा घणघणते. दिव्याच्या बाबतीत तुटतो तो विजेचा प्रवाह.

आपल्या ‘सुटणे’कडे बघा. वारा सुटला म्हणजे सुरू झाला. शाळा सुटली म्हणजे संपली. गाडी सुटली म्हणजे निघाली, आणि ‘माझी गाडी सुटली’ म्हणजे हुकली! यात आपला कधी गोंधळ होत नाही. मुलांना ‘गो ऑफ’ शिकवताना मी आता इथूनच सुरुवात करते. अर्थात हे समजण्यापुरतं. ‘अलार्म सुटला’ असं मराठीत कुणी म्हणणार नाही. त्या कागदावर मी लिहिलं, ‘अलार्म वाजताच बाहेर पडा.’

बाकीचे अर्थ सोपे आहेत. कार्यक्रम ‘वेंट ऑफ वेल’ म्हणजे छान पार पडला. ‘आय हॅव गॉन ऑफ कॉफी’ला आपलं ‘कॉफीवरून मन उडालं’ चपखल बसतं. अमेरिकेत ‘ही वेंट ऑफ ऑन मी’ म्हणजे तो माझ्यावर उखडला.

खाण्याच्या पदार्थांशी मात्र जपून. ‘द मिल्क हॅज गॉन ऑफ’ ही ब्रिटिश धाटणी. अमेरिकन माणूस ‘गॉन बॅड’ म्हणेल. इंग्रजीला दूध, मासे, लोणी सगळ्यांना हे एकच चालतं. आपल्याकडे दूध नासतं, भाजी विटते, पीठ आंबतं, तेल खवट होतं. ‘खराब झालं’ म्हणून मोकळं होण्यापेक्षा पदार्थ बघून शब्द निवडावा. पण मासळीपाशी मी अडले आहे. बाजारातून आणलेली मासळी ‘गॉन ऑफ’ निघाली, तर कोकणात, गोव्यात तुमच्या घरी काय म्हणतात?