बडोद्यात 'परदेशी' खरेदीदार म्हणजे नक्की कोण?
'कॅनडातल्या व्हँकुव्हरसारखा परदेशी खरेदीदारांवरचा कर बडोद्यातही लावा, इथल्या भायली भागातले फ्लॅट आवाक्यात येतील' असं काहीजण सुचवतात. आधी तिथलं बघू. 2 ऑगस्ट 2016 पासून परदेशी खरेदीदारांना तिथे 15 टक्के जादा कर लागला. आधी झालेल्या करारांनाही सूट नव्हती, त्यामुळे बरेच सौदे अडकले. विक्री घसरली, पण 2017 मध्ये भाव पुन्हा चढले. मग फेब्रुवारी 2018 मध्ये दर 20 टक्के झाला. नागरिक आणि कायम रहिवासी मात्र यातून वगळलेले.

आपली गोची इथेच आहे. भारतीय वंशाचा नसलेला, परदेशात राहणारा माणूस फेमानुसार (परकीय चलन व्यवहारांचा कायदा) इथे घर घेऊच शकत नाही (पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा सोडून). घेतात ते एनआरआय (परदेशात राहणारे भारतीय नागरिक) आणि ओसीआयवाले (परदेशी नागरिकत्व असलेले भारतीय वंशाचे लोक). एनआरआय नागरिकच, म्हणजे नागरिकत्वावर बेतलेला कर त्याला लागणार नाही. राहण्याच्या ठिकाणावर बेतलात, तर फ्लॅट इथे दांडिया बाजारात राहणाऱ्या भावाच्या नावावर होईल आणि पैसे भेट म्हणून येतील. सख्ख्या भावाकडून आलेल्या भेटीवर आयकरही नाही!

त्यापेक्षा रिकाम्या घरावर कर बरा, मालक कुठला हे शोधायलाच नको. व्हँकुव्हर शहराने 2017 पासून तो लावला: वर्षात सहा महिने वापर नसेल तर मूल्याच्या 1 टक्का, 2021 पासून 3. इथे घरपट्टीच्या नोंदीला लाइटबिल जोडता येईल. मात्र नुसतं मीटर पाहू नका, महिनोन्महिने एक पंखा चालू ठेवणारे निघतीलच. सोबत नोंदणीकृत भाडेकरार मागायला हवा.