प्रोग्रामिंग शिकताना व्हिडिओ पाहावेत की पुस्तक घ्यावे?

प्रश्न (खानापूर तालुका)

नमस्कार. माझे दहावीपर्यंतचे शिक्षण जांबोटीजवळच्या मराठी शाळेत झाले, पीयूसी (अकरावी-बारावी) बेळगावात केली आणि आता मी बीसीए या संगणकाच्या पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. कॉलेजात सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतात. पायथन ही दुसरी भाषा मी हिंदी व्हिडिओ पाहून शिकतो आहे. व्हिडिओ चालू असताना प्रत्येक ओळ समजते, परंतु तो बंद करून स्वतः लिहायला बसलो की सुरुवात कोठून करावी हेच सुचत नाही. वर्गातील एक मैत्रीण पुस्तक घ्यायला सांगते. पुस्तके इंग्रजीत असल्याने एका पानाला मला अर्धा तास लागतो. मात्र पावसाळ्यात आमच्याकडे वीज आणि नेट या दोन्हींचा भरवसा नसतो, त्यामुळे केवळ व्हिडिओंवर विसंबूनही चालत नाही. दोन्हींपैकी काय धरावे?

उत्तर 1 (बेळगाव, अध्यापन)

तुमची अडचण मी दरवर्षी प्रयोगशाळेत पाहते. व्हिडिओत शिकवणाऱ्याने चुका आधीच करून, दुरुस्त करून, मग चित्रण केलेले असते. त्यामुळे पाहणाऱ्याला तयार वाट दिसते आणि त्या वाटेवरचे फाटे दिसत नाहीत. उदाहरण सांगून झाले की व्हिडिओ थांबवा, स्वतः लिहून पाहा आणि अडल्यावरच पुढे पाहा. दहा मिनिटांच्या व्हिडिओला तास लागला तरी चालेल.

पुस्तक घ्यावे, असे माझे मत आहे, पण कोणतेही नव्हे. सी भाषेसाठी सगळे जण कर्निगन आणि रिची यांचे पुस्तक सुचवतात. ते 1978 साली प्रथम निघाले, 1988 साली त्याची दुसरी आवृत्ती आली आणि ते आजही वाचावे असे आहे. मात्र वाचकाला प्रोग्रामिंगची थोडी ओळख आहे असे ते गृहीत धरते, म्हणून ते पहिले पुस्तक म्हणून घेऊ नये. पहिले पुस्तक पातळ आणि प्रकरणागणिक भरपूर स्वाध्याय असलेले असावे.

पुस्तक असो वा व्हिडिओ, तो केव्हाचा आहे हे आधी पाहावे. सीचे अनेक व्हिडिओ अजून टर्बो सी या जुन्या कंपायलरवर (लिहिलेला प्रोग्राम संगणकाला चालवता येईल अशा रूपात बदलणारे साधन) चालतात. त्यातील ‘कोनिओ डॉट एच’ ही फाइल लिनक्सवर वापरल्या जाणाऱ्या जीसीसी या कंपायलरसोबत येत नाही, म्हणून तोच प्रोग्राम लिनक्सवर चालवला की पहिल्याच ओळीला अडतो आणि विद्यार्थी स्वतःला दोष देतो. पायथनचेही तसेच आहे. 2008 साली आलेल्या पायथन 3 मध्ये ‘प्रिंट’ला कंस आवश्यक झाला आणि पाचाला दोनाने भागल्यावर 2 ऐवजी 2.5 उत्तर येऊ लागले. पायथन 2 ची देखभाल 2020 च्या सुरुवातीला थांबली, तरी त्यावरची जुनी पुस्तके वाचनालयांत आणि जुन्या बाजारात सापडतात.

उत्तर 2 (निपाणी, सध्या पुणे)

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु मराठी माध्यमातून आलेल्या मुलाची खरी अडचण भाषेची असते आणि तिच्याविषयी सविस्तर बोलले पाहिजे. मी त्याच वाटेने आलो. एरर, म्हणजे चूक दाखवणारा संदेश, आली की मी ती न वाचताच कोडमध्ये फेरफार करीत असे, कारण इंग्रजीच्या चार ओळी दिसल्या की डोळे आपोआप पुढे सरकत. पायथनची एरर शेवटच्या ओळीपासून वाचायची असते, हे मला फार उशिरा कळले. ‘लिस्ट इंडेक्स आऊट ऑफ रेंज’ या पाच शब्दांत चूक सांगितलेली असते: मागितलेला क्रमांक यादीत नाही. उदाहरणार्थ, यादीत पाच वस्तू आहेत, त्यांचे क्रमांक 0 ते 4 आहेत आणि तुम्ही 5 क्रमांकाची वस्तू मागितली. त्याच्या वरच्या ओळींत फाइल आणि ओळ क्रमांकही दिलेला असतो.

मी एक वही केली. प्रत्येक नवी एरर तीत उतरवून खाली तिचा अर्थ मराठीत लिहीत असे. तेच तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे दोन-तीन महिन्यांत पुस्तकाचे पानही सोपे वाटू लागले. प्रोग्रामिंगच्या पुस्तकातील इंग्रजी कथा-कादंबरीतल्यासारखी नसते. वाक्ये आखूड असतात आणि शब्द मोजके.

तोवर आधार हवा असेल, तर मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमातील छोटे ध्वनिचित्र-पाठ पाहावेत. त्यांतील पुष्कळ मराठीतही आहेत आणि ते पाहता पाहता शेजारच्या खिडकीत स्वतः करून पाहावेत, अशीच त्यांची रचना आहे. केवळ हिंदी व्हिडिओंवर राहू नका, कारण उद्या नोकरीत समोर येणारी कागदपत्रे इंग्रजीतच असतील.

उत्तर 3 (बेळगाव)

विजेविषयी लिहिते. पायथनचे अधिकृत मार्गदर्शन विनामूल्य उतरवून घेता येते. शहरात असताना ते घेऊन ठेवावे, म्हणजे नेट नसले तरी अडणार नाही. वीज नसेल तेव्हा वहीत रकाने आखा, प्रत्येक चलासाठी (व्हेरिएबलसाठी) एक, आणि लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळींच्या, प्रत्येक फेरीनंतर त्याची किंमत लिहीत जा. रकान्यात जिथे आपला अंदाज चुकतो, तिथेच आपल्याला न समजलेली गोष्ट असते.

प्रश्नकर्ता

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काल व्हिडिओ न पाहता 1 ते 50 मधील मूळ संख्या काढण्याचा प्रोग्राम लिहिला. 15 ऐवजी 16 संख्या आल्या. संध्याकाळी वीज गेली, म्हणून ताईंनी सांगितल्याप्रमाणे वहीत रकाने आखले, तेव्हा दिसले की 1 साठी आतील लूप एकदाही चालत नाही आणि म्हणून 1 ही संख्या मूळ ठरते. सुरुवात 2 पासून केली आणि आज सकाळी उत्तर बरोबर आले. पातळ पुस्तक शोधायला शनिवारी बेळगावच्या वाचनालयात जाणार आहे.