पोटात कोण आहे? किनाऱ्यावरच्या घरांतील अनुभव

रत्नागिरी जिल्ह्यात २०११च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, हे आपण कोकणातली माणसे अभिमानाने सांगतो. परंतु गावोगावचे कर्ते पुरुष चाकरमानी होऊन मुंबईला राहतात, हे त्यामागचे मोठे कारण आहे. त्या आकड्याला भुलून न जाता, गर्भातले बाळ मुलगा की मुलगी हे जाणून घेण्याची ओढ आपापल्या घरात कशी दिसली, ते येथे लिहावे. सुरुवात मीच करते.

पाचव्या महिन्यात सोनोग्राफीसाठी आम्ही दापोलीहून चिपळूणला गेलो. ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ हा फलक समोरच होता आणि बाळाचे लिंग जाणून घ्यायचे नाही, अशा मजकुराखाली मी सहीही केली. डॉक्टर एवढेच म्हणाले, “सगळे व्यवस्थित आहे.” परतताना एस.टी.त सासूबाई हळूच म्हणाल्या, “मुलगी असती तर ‘व्यवस्थित’ म्हणाले असते का गं?” मुलगीच झाली.

मालवणहून एक ताई : आमच्याकडे दोऱ्याला अंगठी बांधून पोटावर धरण्याची हौस होती, गोल फिरली तर मुलगी, सरळ हलली तर मुलगा. काकींच्या हातात ती गोल फिरली, मामींच्या हातात सरळ हलली आणि त्यावरून दोघींचे बिनसले. आजी मात्र म्हणाली, “चेडू काय झील, काय ता होऊंदे, सुखरूप सुटलंस म्हणजे झाला.”

लंडनहून, मूळ वेंगुर्ल्याची : येथे विसाव्या आठवड्याच्या तपासणीत विचारल्यावर सांगितले. आनंदाने घरी फोन केला, तर आई क्षणभर गप्प राहून म्हणाली, “बाळंत होईपर्यंत कुणाला सांगू नकोस हं.” मला जी साधी माहिती वाटली होती, तिला गावाकडे केवढे वजन आहे, हे तेव्हा उमगले.

गुहागरहून एक वडील : हे लिहायला लाज वाटते. दोन मुलींनंतर एका नातेवाइकाने ‘गुपचूप सांगणारे’ ठिकाण सुचवले आणि मी पैशांची जुळवाजुळवही केली. पत्नीने अंगणात पातीचे झाप विणता विणता, मान वर न करता सांगितले, “मी येणार नाही. वाय गुणसूत्र तुमच्याकडून येते, तपासणी करायचीच तर तुमची करा.” १९९४च्या कायद्याने अशी तपासणी करवून घेणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, हे मी नंतर वाचले, मला अडवले ते त्या उत्तराने. तिसरीही मुलगीच आहे आणि सध्या माझा चष्मा तिच्या ताब्यात असतो.

अलिबागहून एक आजी : आमच्या वेळी मुंबईत गर्भजल तपासून हे उघड सांगत असत. महाराष्ट्राने १९८८ साली त्याविरुद्ध कायदा केला, तोवर माझ्या जावेचे दोन गर्भ गेले होते. ती त्याविषयी कधीच बोलली नाही.

सिंधुदुर्गातील एक परिचारिका : प्रसूतिगृहाचे दार उघडताच बाहेरून पहिला प्रश्न येतो, “काय झालं?” मी वजन आधी सांगते. “दोन किलो आठशे ग्रॅम” ऐकल्यावर क्षणभर कुणाला पुढचे विचारायचे सुचत नाही.