राज्यघटना केंद्राला खरंच आवरते का?

राज्यशास्त्र_शिक्षिका

नमस्कार. अकरावी-बारावीला शिकवते. संघराज्याचा धडा चालू असताना एका मुलीने विचारलं, "मॅडम, केंद्राने मनात आणलं तर त्याला अडवतं कोण?" मी केशवानंद भारती खटला सांगितला: १९७३, तेरा न्यायमूर्ती, सात विरुद्ध सहा, घटनेच्या मूळ चौकटीला संसदेलाही हात लावता येत नाही. त्यावर ती म्हणाली, "ते घटनादुरुस्तीचं झालं. रोजच्या कारभारात काय?" तिला पाठ केलेलं उत्तर द्यायचं नाहीये. कोर्टात वावरणाऱ्यांनी सांगावं. पक्षांच्या भांडणात शिरू नका, एवढी विनंती.

काळा_कोट

मॅडम, मुलीने नेमकं बोट ठेवलंय. माझ्या मते घटना केंद्राला आजही आवरते, पण सगळीकडे सारखी नाही. जिथे मर्यादा मोजता येते, तिथे ती टिकते. जिथे ती समोरच्याच्या सद्भावनेवर सोडली आहे, तिथे केंद्राला मोकळं रान मिळतं.

राज्यात राष्ट्रपती राजवट लावण्याचं कलम ३५६ घ्या. अशी कलमं वापरायची वेळच येऊ नये, ती कागदावरच राहावीत, अशी आशा डॉ. आंबेडकरांनी ऑगस्ट १९४९ मध्ये घटना समितीत व्यक्त केली होती. पुढे राष्ट्रपती राजवट शंभराहून जास्त वेळा लागली. १९७७ मध्ये जनता सरकारने नऊ राज्यांतली काँग्रेसची सरकारं घालवली. १९८० मध्ये इंदिरा गांधींनी नऊ राज्यांतच त्याची परतफेड केली, आपल्याकडचं, महाराष्ट्रातलं शरद पवारांचं पुलोद सरकार त्यातच गेलं. १९७७ ला राज्यं सर्वोच्च न्यायालयात गेली होती, पण हाती काही लागलं नाही.

मग मार्च १९९४ मध्ये राष्ट्रपती राजवटीवरचा सर्वोच्च न्यायालयाचा बोम्मई निकाल आला. नऊ न्यायमूर्तींचं पीठ होतं. बहुमत आहे की नाही हे राजभवनात नाही, सभागृहात ठरेल, हे त्यातून पक्कं झालं. याचा परिणाम २०१६ मध्ये उत्तराखंडात दिसला. मार्चमध्ये राजवट लागली, प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १० मे रोजी न्यायालयाच्या देखरेखीखाली विधानसभेत मतदान झालं. तेवढा वेळ राजवट उठवलेली होती. आमदारांची डोकी मोजली गेली आणि घालवलेलं सरकार परत आलं. केंद्राचं मत काय, राज्यपालांचं काय, याला तिथे किंमत उरली नाही.

आता कलम २०० बघा. राज्यपालांना विधेयक फेरविचारासाठी परत पाठवायचं असेल तर ते 'शक्य तितक्या लवकर' पाठवावं, एवढंच त्यात आहे. तारीख नाही, दिवस नाहीत. तमिळनाडूच्या प्रकरणात एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी मुदत घालून दिली. नोव्हेंबरमध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं की न्यायालयाला अशी मुदत लादता येणार नाही. कारण न देता फारच लांबवलं तर 'निर्णय घ्या' एवढं सांगता येईल. राज्यपाल नेमतं केंद्र, हे लक्षात घ्या. निवडून आलेल्या सभागृहाने मंजूर केलेला कायदा टेबलावर पडून राहतो आणि आमच्याकडे बोट ठेवायला आकडाच नसतो. हे मला फार लागतं.

आकडा घालता येतो, हे आपण एकदा करून दाखवलंय. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीवर सही झाली, मंत्रिमंडळाची बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ती वाट बुजवली: आधी मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय, महिन्याच्या आत संसदेची मंजुरी, दर सहा महिन्यांनी पुन्हा.

निवृत्त_करअधिकारी

वकीलसाहेब, आकडा असूनही राज्य अडकतं, ते जीएसटीत बघा. माझी सगळी नोकरी विक्रीकरात गेली. राज्याच्या अर्थसंकल्पात दर बदलला की आम्ही परिपत्रकं काढायचो, व्यापारी दारात उभे असायचे, आणि विधानसभेत मंत्र्याला त्याचं उत्तर द्यावं लागायचं. आता दर जीएसटी परिषदेत ठरतो, तिथे केंद्र आणि राज्यांचे मंत्री बसतात. कलम २७९अ प्रमाणे केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि ठरावाला तीन चतुर्थांश लागतात. सगळी राज्यं एक झाली तरी केंद्राशिवाय ठराव होत नाही. वर केंद्राचे उपकर आणि अधिभार, म्हणजे करावर लावलेले जादा कर. त्यांतला वाटा राज्यांना द्यावाच लागत नाही आणि ते किती लावावेत याला घटनेत कमाल मर्यादा नाही.

काळा_कोट

उपकराचं म्हणणं शंभर टक्के मान्य, तिथेही आकडाच नाही. पण काका, जीएसटी आणणारी १०१ वी घटनादुरुस्ती निम्म्याहून जास्त राज्यांच्या विधानसभांनी मंजूर केली होती. कलम ३६८ ची ती अट पाळली गेली. शिवाय परिषदेच्या शिफारशी बंधनकारक नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितलंय.

निवृत्त_करअधिकारी

मंजुरी दिली, खरं आहे. पण जीएसटीमुळे राज्यांचा महसूल घटला तर द्यायच्या नुकसानभरपाईची हमी पाच वर्षांची होती, ती जून २०२२ मध्ये संपली. बंधनकारक नाही म्हणून एखाद्या राज्याने उद्या वेगळा दर लावला, तर अख्ख्या देशाची एक करसाखळी तिथे तुटते. ते धाडस कुठलं राज्य करणार?

राज्यशास्त्र_शिक्षिका

दोघांचेही आभार. सोमवारी मुलांसमोर कलम २०० आणि ४४ वी घटनादुरुस्ती शेजारीशेजारी ठेवते. विधेयकासाठी किती दिवसांची मुदत घालावी, हे त्यांनाच लिहायला सांगते. काका, परिषदेच्या मतांचं गणित फळ्यावर मांडते. राज्यशास्त्राच्या तासाला ते कुणी मांडत नाही, मी पहिल्याच तासाला मांडणार.