बुद्धिबळ आवडतं, पण स्पर्धा नको म्हणते. मदत हवी आहे

नमस्कार. लेक सहावीत आहे. आम्ही सांगलीचे. बुद्धिबळपटू भाग्यश्री ठिपसे, स्वाती घाटे याच गावच्या, त्या कौतुकापोटी आबांनी (माझे सासरे) तिला लहानपणीच पटावर बसवलं. खेळ मनापासून आवडतो. जेवायला हाका मारून माझा घसा बसतो.

घोडं अडलंय ते फिडे रेटिंगपाशी (जागतिक बुद्धिबळ संघटना खेळाडूला देते तो आकडा, जिंकलं की वाढतो, हरलं की घटतो). मागच्या स्पर्धेत १४५२ वरून १४१७ वर आली. मार्च २०२४ पासून खालची मर्यादा १००० ऐवजी १४०० झाली आहे, त्याखाली गेलं की यादीतून बाहेर. आता म्हणते, "खेळलेच नाही तर कमी कसं होईल?" हिशेब बिनचूक आहे, हीच पंचाईत! आबांशी, क्लासमध्ये मजेत खेळते. स्पर्धेचा फॉर्म काढला की पोट दुखतं.

नवरा म्हणतो, फॉर्म भर, रडेल आणि शिकेल. आबा म्हणतात, पोरीला छळू नका. मला दोन्ही अर्धंच पटतं. आवड मारायची नाही, पण हरायची भीती वाटली की अंग काढून घ्यायचं ही सवयही नको. हरलेला डाव त्याच दिवशी तिच्याबरोबर बघावा का? क्लासचे सर हो म्हणतात, ही स्कोअरशीट (चाली लिहिलेला कागद) फाडते.

दिव्या देशमुखचं उदाहरण कृपया नको. १९ व्या वर्षी महिला विश्वचषक जिंकली हे सांगून झालं. "ती नागपूरची आहे," असं उत्तर मिळालं.

प्रतिसाद १:
आमचा मुलगा यातून गेलाय. आधी तिला आकड्याचं गणित दाखवा. १८ वर्षांखालच्यांना, रेटिंग २३०० च्या आत असेपर्यंत, के (एका डावाने रेटिंग किती हलेल ते ठरवणारा गुणक) ४० असतो. ३० डाव झालेल्या मोठ्यांना २०. म्हणजे आपल्याच रेटिंगच्या खेळाडूशी हरलं की मुलांचे २० जातात, मोठ्यांचे १०. जिंकलं की तसेच येतात. दोनशेने वरच्याशी डाव बरोबरीत सोडवला तरी दहाएक मिळतात. मुलांचा आकडा वरखाली होणारच, हे कागदावर मांडल्यावर आमच्याकडे रडारड कमी झाली.

हरल्या दिवशी डाव उघडू नका, सर काहीही म्हणोत. पुढच्या फेरीआधी खायला द्या. शीटचा फोटो मात्र लगेच काढून ठेवा, फाडायच्या आत! तिचा राग उतरला की तीच मागेल.

आणि सध्या रॅपिड (कमी वेळाचे डाव) खेळू द्या. त्याचं रेटिंग वेगळं, क्लासिकलच्या (जास्त वेळाच्या डावांच्या) १४१७ ला धक्का लागत नाही. हॉल, घड्याळ, हरणं सगळं तेच.

धागाकर्ती:
रॅपिडला कदाचित तयार होईल. पण कधीतरी क्लासिकल खेळावंच लागेल ना? १४०० खाली गेलीच तर?

प्रतिसाद २:
तर नव्या खेळाडूसारखं पुन्हा. रेटिंगवाल्यांशी किमान पाच डाव आणि त्यांतून निघणारं रेटिंग किमान १४००. माझी भाची जाऊन परत आली यादीत. हे तिला आत्ताच सांगा, आकडा घसरायची वाट बघू नका.