ट्रेलरवर पहिलाच हिवाळा, बर्फात स्पीड किती ठेवायचा? अनुभवींनी सांगा प्लीज

धागाकर्ता
नमस्कार मंडळी. हेवीचं लायसन्स मिळून सात महिने झालेत, बर्फाचा हा पहिलाच सीझन. घोडा (म्हणजे पुढचा इंजिनवाला ट्रक) आणि मागे मोठा ट्रेलर, जाताना लोड असतो, येताना बहुतेक वेळा रिकामा. गेल्या आठवड्यात रात्री बर्फ पडत होता, मी ५५ नी चाललो होतो आणि बाकीचे ट्रक ८०-९० नी मला मागे टाकून जात होते, त्यात ऑफिसमधून फोनवर फोन की एवढा उशीर का. मला कळेचना की मीच घाबरतोय का तेच चुकतायत. तुम्ही लोक स्पीड ठरवता कशावरून? बोर्डावरचा आकडा निम्मा करायचा असं एकानं सांगितलं, बरोबर आहे का ते? आणि रिकामी गाडी थोडी जोरात नेली तर चालतं का, वजन नसतं म्हणून?

जुना चालक
भावा तू बरोबर चालवत होतास, आधी ती शंका डोक्यातून काढ. २१ वर्षं झाली मला ट्रेलरवर आणि आजही बर्फ दिसला की माझा पाय आपोआप वर येतो.

निम्म्याचं म्हणशील तर अमेरिकेत कमर्शियल लायसन्सच्या पुस्तकात ढोबळ हिशोब दिलेला असतो, रस्ता ओला असेल तर स्पीड एक तृतीयांशानं कमी करा, दाबून बसलेला बर्फ असेल तर निम्मा किंवा त्याच्याही खाली, आणि काचेसारखा बर्फ असेल तर अगदी सरपटत जा आणि सुरक्षित जागा मिळाली की गाडी थांबवा. म्हणजे निम्मा ही सुरुवात झाली, तिथून खालीच यायचं.

निम्म्यानं एवढा फरक का पडतो ते एकदा डोक्यात बसव म्हणजे कोणी कितीही ओव्हरटेक केलं तरी मन हलणार नाही. स्पीड निम्मा केला की ब्रेक लागल्यावर थांबायचं अंतर निम्मं नाही, पाव होतं. दबलेल्या बर्फावर ८० वरून थांबायला साधारण १२५ मीटर लागतात, ४० वरून तीसेक. काचेच्या बर्फावर ८० वरून २५० च्या आसपास आणि ४० वरून ६०-६५. हे सगळं ब्रेक धरल्यानंतरचं बरं का. त्याआधी आपल्याला दिसून पाय पेडलवर जाईपर्यंत एक-दीड सेकंद, आणि एअर ब्रेक असल्यामुळे हवा पाइपातून मागच्या चाकांपर्यंत पोचायला आणखी अर्धा सेकंद, आणि ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर पुढे जाते. म्हणून मी एकच बघतो, माझ्या लाइटमध्ये जेवढा रस्ता दिसतोय तेवढ्यात माझी गाडी थांबेल का. नसेल थांबत तर स्पीड जास्त आहे, मग काटा ३० वर असला तरी.

रिकाम्या गाडीचं तर नेमकं उलटं आहे!! ब्रेक आणि सस्पेन्शन भरलेल्या गाडीच्या हिशोबानं बनवलेलं असतं, रिकाम्या ट्रेलरच्या चाकांवर वजनच नाही म्हटल्यावर ती पटकन घसरतात, वर आडवा वारा सुटला तर डबा शिडासारखा वारा धरतो आणि मागचा भाग दुसऱ्या लेनमध्ये सरकतो. माझे दोन वाईट प्रसंग झाले ते दोन्ही रिकामं परत येताना.

आणि निसरड्या रस्त्यावर इंजिन ब्रेक बंद ठेव, क्रूझ कंट्रोल (स्पीड आपोआप धरून ठेवणारं बटण) पण बंद. इंजिन ब्रेक फक्त घोड्याच्या मागच्या चाकांना धरतो, ती चाकं घसरली की मागून ट्रेलर ढकलतो आणि गाडी मधेच दुमडते. तसं व्हायला लागलं तर ब्रेक सोडायचा, चाकांना परत पकड घेऊ द्यायची, ट्रेलरचा हँडब्रेक ओढून सरळ करायच्या भानगडीत पडायचं नाही.

रात्रपाळी
वरच्या दादांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त काळ्या बर्फाबद्दल लिहितो कारण तो दिसत नाही, रस्ता नुसता ओला वाटतो. मी काय करतो, काच थोडी खाली करून आरशाच्या दांड्यावरून पुढून हात फिरवतो, तिथे बर्फाचा पापुद्रा लागला की समजायचं रस्त्यावरपण धरायला लागलाय. दुसरं म्हणजे पुढच्या गाडीच्या चाकांकडे बघत राहा. रस्ता ओला दिसतोय पण चाकांमागून पाणी उडायचं बंद झालंय, आणि टायरचा आवाजही एकदम गप्प झाला, तर ते पाणी नाही, बर्फ आहे. पुलावर हे सगळ्यात आधी होतं कारण त्याला वरून-खालून दोन्हीकडून थंड हवा लागते, म्हणून पुलाच्या आधीच स्पीड उतरवायचा, पुलावर ब्रेकला हात.. म्हणजे पाय लावायचा नाही. आणि शून्याच्या आसपासचं तापमान उणे १५ पेक्षा जास्त घातकी असतं, बर्फावर पाण्याचा थर असतो ना.

गॅरेजवाला
एक राहिलं. एलईडी लाइट जुन्या बल्बसारखे तापत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर साचलेला बर्फ वितळत नाही. दर थांब्याला उतरून हेडलाइट आणि मागचे लाल लाइट हातानं पुसा. तुम्ही ४० नी चाललाय हे मागच्याला दिसलं पाहिजे. एअर टँकमधलं पाणीपण रोज काढत जा, थंडीत ते लाइनमध्ये गोठतं.

डिस्पॅचला बसणारी
मी फोन करणाऱ्या बाजूची आहे म्हणून मनापासून सांगते. उशीर झाल्यावर फोन घेऊ नका, उशीर होणार असं दिसताच स्वतः फोन करा. "बर्फ आहे, ४० नी चाललोय, तीन तास लागतील" एवढं एक वाक्य मिळालं तरी मी पुढची वेळ बदलून घेऊ शकते. आमच्याकडे स्क्रीनवर फक्त ठिपका दिसतो हो, रस्ता दिसत नाही. कायदाही तुमच्या बाजूनं आहे, अमेरिकेत हवामान खूपच धोकादायक झालं तर ड्रायव्हरनं गाडी थांबवायची असा नियमच आहे, जर्मनीत धुकं, बर्फ किंवा पावसामुळे ५० मीटरच्या आतलंच दिसत असेल तर ५० च्या वर जाता येत नाही. आधीच्या एका कंपनीत वरिष्ठांनी ड्रायव्हरला रेटलेलं मी ऐकलंय, त्या रात्री तो घरी पोचेपर्यंत मला झोप लागली नव्हती.

धागाकर्ता
खूप खूप आभार सगळ्यांचे. रिकाम्या गाडीचं मी अगदी उलटं समजत होतो, बरं झालं विचारलं. अजून एकच विचारतो, काहीच दिसेनासं झालं तर कडेला घेऊन थांबू का?

जुना चालक
हायवेच्या कडेला शक्यतो नको. दिसत नसलं की मागचे लोक तुझा लाल लाइट धरून येतात, त्यांना वाटतं तू चालतोयस, आणि सरळ येऊन आदळतात. सावकाश पुढच्या एक्झिटला बाहेर पड किंवा ट्रकच्या पार्किंगला लाव. आणि तेवढी वेळच येऊ नये म्हणून निघायच्या आधी वाटेतले थांबे कागदावर लिहून डॅशबोर्डवर चिकटव, मी अजून तसंच करतो.