आईच्या फोटोतला निळा ड्रम: हाताने पुसायला शिकावं की बोट फिरवून मोकळं व्हावं?

कृष्णाकाठ (सांगली):
आईच्या पंच्याहत्तरीला तिचा एक फोटो मोठा करून लावायचा होता. हरिपूरचा, वारणा कृष्णेला मिळते तिथल्या घाटावरचा. आई पायरीवर बसलीय, सकाळचं ऊन तोंडावर आलंय, हसू अर्धवट. असा फोटो पुन्हा मिळायचा नाही. पण मागे प्लास्टिकचा निळा ड्रम आणि आईच्या मनगटाला खेटून कुणा अनोळखी माणसाचं कोपर.

मोबाइलमध्ये नको त्या वस्तू पुसायची सोय असते; त्यात बोट फिरवलं, दोन्ही गायब. घरात सगळे खूश. प्रिंटसाठी दुकानात मोठ्या स्क्रीनवर उघडला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. कोपर गेलं होतं, पण त्याच्या शेजारच्या दोन हिरव्या बांगड्या एकमेकींत विरघळून एकच जाड पट्टा झाला होता. ड्रम गेला होता, पण पाण्यातलं त्याचं निळं प्रतिबिंब जागच्या जागी होतं.

प्रिंट थांबवली आणि तीन आठवडे रात्री बसून गिम्प हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर शिकले. फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतं. क्लोन टूल एका जागचा तुकडा उचलून दुसरीकडे जसाच्या तसा ठेवतं. हील टूल पोत तिथला घेतं आणि रंग-उजेड इथला जुळवतं. म्हणून मोकळ्या दगडावर हील छान बसतं, पण गडद कडेजवळ नेलं की तो रंग आत ओढून डाग पाडतं. कडेला क्लोन आणि आत हील, एवढं कळायलाच मला आठवडा गेला.

माझं मत स्पष्ट आहे. ज्याला फोटोचं काम शिकायचंय त्याने आधी हाताने पुसायला शिकावं. त्याशिवाय काय बिघडलंय ते दिसतच नाही.

लग्नसराई (विटा):
ताई, तुमची तळमळ पटली, पण हे एका फोटोचं गणित झालं. मी एका लग्नाचे सहाशे फोटो देतो. मांडवाचा खांब, टेबलफॅन, व्हिडिओवाल्याचा लाइट, जमिनीवरची वायर हे निम्म्या फोटोंत असतंच. पार्टीला आठ दिवसांत अल्बम लागतो. प्रत्येक वायर क्लोनने पुसत बसलो तर पुढची ऑर्डर हातची जाते, आणि माझं घर त्याच्यावर चालतं.

अवजार बदलणारच. आमच्या वडिलांच्या पिढीने निगेटिव्हवर बारीक शिसपेन्सिलीने चेहऱ्यावरचे डाग घालवले. २००२ मध्ये फोटोशॉपमध्ये हीलिंग ब्रश (ताईंच्या हील टूलसारखाच) आला, २०१० मध्ये कंटेंट-अवेअर फिल आलं, म्हणजे पुसलेली जागा आजूबाजूचं बघून आपोआप भरणं. ज्यांनी ते घेतलं त्यांची कला कुठे गेली नाही, वेळ वाचला. आता तर नुसतं गिरवलं की खांब जातो. तो वेळ मी नवरी-नवऱ्याच्या चेहऱ्यांना देतो. ते चुकीचं कसं?

घाटवाट (वाई):
हाताने का मशीनने यापेक्षा माझा प्रश्न वेगळा आहे. पुसायचं कशाला?

साताऱ्याजवळच्या लिंब गावातल्या बारा मोटांच्या विहिरीचा एक फोटो आमच्या ग्रुपवर आला. काठावर उभी असलेली माणसं कुणीतरी पुसून विहीर मोकळी केलेली. दिसायला सुंदर, पण माणसांच्या जागी अ‍ॅपने आपल्या मनाने दगड भरला होता आणि त्यात मोटेची एक जागाच बुजली. ती विहीर ज्याने पाहिली नाही तो तेच खरं मानणार. शाहूकालीन बांधकामात आपण दगड घालायचा का? जुन्या वास्तूच्या फोटोत माणूस असू दे, पिशवी असू दे, तारा असू देत. पहाटे लवकर जा, माणसं नसतात.

पूररेषा (सांगलीवाडी):
घाटवाट यांना माझा पूर्ण पाठिंबा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५. पाणी ओसरल्यावर आमच्या सोप्याच्या (ओसरीच्या) भिंतीवर चिखलाची सरळ रेघ राहिली होती. दारापाशी बाबा उभे, रेघ त्यांच्या कपाळाच्याही वर. चुलतभावाने ‘भिंत घाण दिसतीय’ म्हणून ती रेघ साफ करून फोटो सगळीकडे पाठवला आणि मूळ फोटोवरच सेव्ह केलं. पुढे भिंत रंगवली. आता पाणी कुठवर आलं होतं हे दाखवायला माझ्याकडे काही नाही, आणि बाबाही नाहीत.

२०१० मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो या बातमीच्या फोटोंच्या स्पर्धेत एका फोटोचं बक्षीस काढून घेतलं होतं, कारण मागे दिसणारा पायाचा तुकडा त्यातून पुसला होता. तुकडाच होता, तरीही. मला ते बरोबर वाटतं.

कृष्णाकाठ:
पूररेषा, वाचून गलबलून आलं. पुराच्या फोटोला हात लावायचाच नाही, यात माझं दुमत नाही. विहिरीचंही पटलं.

पण घरच्या फोटोत ड्रम पुसणं मला गैर वाटत नाही, फक्त मूळ फाइल सुरक्षित हवी. मी वर रिकामा लेअर (फोटोवरचा पारदर्शक थर) घेते, ‘सॅम्पल मर्ज्ड’वर खूण करते, म्हणजे टूल खालच्या फोटोतून तुकडा उचलतं, आणि सगळं काम त्या लेअरवर करते. लेअरसमोरचं डोळ्याचं चिन्ह बंद केलं की खालचा फोटो अस्पर्श. तुमच्या भावाला एवढं कुणी शिकवलं असतं तर ती रेघ आज असती. मी शिकण्यावर अडून बसलेय ते यासाठीच.

लग्नसराई दादा, तुमच्या डोळ्याला अंगठीचा विस्कटलेला खडा लगेच खटकतो, कारण तुम्ही ते काम हाताने केलंय. तुमच्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांचं काय?

लग्नसराई:
पोरांचं खरं आहे, नाकारत नाही. गेल्या महिन्यात एकाने खांब काढला आणि मागे बसलेल्या मावशींना सहा बोटं आली. अल्बम छापून गेला होता, पानं माझ्या खर्चाने बदलली. आखाडात लग्नं नसतात, तेव्हा त्याला महिनाभर क्लोनवर बसवतो. पण सीझनला काम मशीनवरच होणार, त्यात बदल नाही.

घाटवाट:
घरच्या फोटोचंही मला अजून पटलेलं नाही. तो ड्रम त्या सकाळी तिथे होता. वीस वर्षांनी घाट कसा होता हे नातवंडांना त्या ड्रमवरूनच कळेल.

नवशिका (तासगाव):
मी कालपासून पायऱ्यांच्या एका फोटोत क्लोनने हेच पुसायचं काम करतोय. पायऱ्या तिरक्या आहेत, दगडाची रेघ जुळतच नाही. काय चुकतंय?

कृष्णाकाठ:
तुम्ही बहुतेक वरच्या पायरीचा तुकडा खाली आणताय. लांबची पायरी फोटोत बारीक दिसते, त्यामुळे ती बसत नाही. त्याच पायरीवरचा बाजूचा दगड घ्या. तुकडा कुठून उचलायचा ते ठरवायचं कंट्रोल दाबून केलेलं क्लिक बरोबर कडेवर करा आणि ब्रशही त्याच कडेवरून सुरू करा. कड जुळली की आतलं आपोआप जुळतं. एकच तुकडा पुन्हा पुन्हा घेऊ नका, दगडावरचा तोच डाग तीनदा दिसला की लगेच कळतं. पाण्यातलं प्रतिबिंब शेवटी घ्या, तिथे क्लोनची ओपॅसिटी (गडदपणा) तीस टक्क्यांपर्यंत उतरवा. बांगड्यांजवळ मी ब्रश पाच पिक्सेलचा ठेवला होता, प्रत्येक बांगडी वेगळी केली. त्या चार बोटं जागेला अख्खी संध्याकाळ लागली.